न सापडलेल्यांचा हिशेब

१९७५ सालच्या मोसमात नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानावर मुंबई विरुद्ध शेष भारत असा इराणी करंडकाचा सामना झाला. तो ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला ती पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. त्यांच्यापैकी कोणालाही विचारावे. सामन्याचा निकाल आठवण्यास त्यांना वेळ लागतो, परंतु दादरच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने बेदी आणि प्रसन्ना यांच्या फिरकीचा कसा समाचार घेतला, हे ते कालच पाहिल्यासारखे सांगतात. दिलीप वेंगसरकर हे त्या मुलाचे नाव. त्याने ११० धावा केल्या, आणि त्या एका शतकाच्या बळावर न्यूझीलंडच्या दौऱ्याचे दार त्याला उघडले. जानेवारी १९७६ मध्ये ऑकलंड येथे तो पहिला कसोटी सामना खेळला. नागपुरातील ती फलंदाजी पाहून लाला अमरनाथांना कर्नल सी. के. नायडूंची आठवण झाली आणि 'कर्नल' ही उपाधी वेंगसरकरांना कायमची चिकटली, असे सांगतात. नायडूंचा जन्म याच नागपुरातला, १८९५ सालचा. त्यामुळे हे नामकरण येथे व्हावे, यात एक औचित्यही होते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. ११६ कसोटी सामने, ६८६८ धावा, १७ शतके आणि त्यांपैकी तीन १९७९, १९८२ व १९८६ अशी ओळीने लॉर्ड्सवर. या लेखाचा विषय मात्र ती फलंदाजी नव्हे. बॅट खाली ठेवल्यानंतर वेंगसरकरांनी जो दुसरा व्यवसाय पत्करला, म्हणजे खेळाडू शोधण्याचा आणि शोधण्याची व्यवस्था चालवण्याचा, त्याविषयी मला लिहायचे आहे. मी क्रिकेटचा जाणकार नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. परंतु 'शोध' ही अर्थशास्त्रातलीही एक महत्त्वाची संकल्पना आहे, आणि आपल्या समाजात तिची जेवढी उपेक्षा झाली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या संकल्पनेची झाली असेल.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ साली एक साधी गोष्ट मांडली. बाजारात काय आहे आणि कोठे आहे, ही माहिती फुकट मिळत नाही. ती मिळवण्यासाठी कोणाला तरी पायपीट करावी लागते, वेळ खर्चावा लागतो, आणि हा खर्च जेथे परवडेनासा होतो तेथे शोध थांबतो. भाजीच्या भावाला हे लागू आहे, तसे माणसाच्या गुणांनाही लागू आहे. 'गुण असेल तर तो लपून राहत नाही' असे आपण मुलांना सांगत असतो. हे वाक्य धीर देण्यापुरते ठीक आहे. वस्तुस्थिती म्हणून ते खोटे आहे. गुण लपून राहतो. तो उघड करण्याचा खर्च कोणी तरी केलेला असतो, म्हणून तो उघड होतो.

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात हा खर्च निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी केला. आरंभी तो संस्थानिकांनी केला. नायडूंना इंदूरच्या होळकरांनी बोलावून घेतले, सैन्यात हुद्दा दिला आणि ते इंदूरचे झाले. नागपूरचा माणूस इंदूरच्या नावाने ओळखला गेला, ही आपल्या शहराची जुनी खंत आहे. पण तो होळकरांचा दोष नव्हे. त्यांनी पारख केली आणि मोल दिले. संस्थाने गेल्यावर त्यांची जागा कचेऱ्यांनी घेतली. रेल्वे, बँका, टाटांसारखे उद्योगसमूह यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. सकाळी हजेरीपटावर सही करून दुपारी मैदानावर जाणारा कारकून हे मुंबईच्या क्रिकेटचे एक ठरलेले चित्र होते. या नोकरीने खेळाडूचे घर चालले, आणि ज्या बापाने मुलाला खेळू द्यावे की नाही याचा विचार करायचा, त्याच्यापुढे एक ठोस उत्तर ठेवले गेले. परंतु कचेरी शोधायला जात नसे. जो आधीच नावारूपाला आला आहे, त्यालाच ती बोलावी. मुंबई, दिल्ली, बंगळूर, मद्रास येथील मैदाने वृत्तपत्रांच्या वार्ताहरांच्या नजरेत होती. तेथला मुलगा नावारूपाला येण्याची शक्यता होती. वेंगसरकर स्वतः याच व्यवस्थेचे फळ आहेत. नागपूरच्या त्या सामन्यात देशातील मातब्बर एका मैदानावर जमले होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांना खेळण्याची संधी मिळाली. ती संधी साधण्याचे सामर्थ्य त्यांचे. पण त्या मैदानावर ते मुंबईच्या संघातून आले होते, हेही विसरता येत नाही.

ज्याला आपल्या यशातील योगायोगाचा वाटा दिसतो असा माणूस विरळा. वेंगसरकरांना तो दिसला असावा, असे त्यांच्या पुढच्या कामावरून मला वाटते. १९९५ साली त्यांनी मुंबईच्या ओव्हल मैदानावर अकादमी सुरू केली. पुढे मुंबईतच दुसरी आणि नंतर पिंपरी-चिंचवडमधील थेरगाव येथे तिसरी उभी राहिली. गुण पाहून निवडलेल्या मुलांना येथे शुल्क न घेता शिकवावे, हे त्यांचे सूत्र. ऋतुराज गायकवाड थेरगावच्या अकादमीत अगदी लहान वयात आला. आणि २००२ साली, जगमोहन दालमिया मंडळाचे अध्यक्ष असताना, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने 'टॅलेंट रिसोर्स डेव्हलपमेंट विंग' नावाचा विभाग काढला. त्याला आपण गुणशोध विभाग म्हणू. त्याची मूळ कल्पना मुंबईचे क्रीडापत्रकार मकरंद वायंगणकर यांची आणि प्रमुखपद वेंगसरकरांकडे. निवृत्त खेळाडूंना अधिकारी म्हणून नेमायचे, त्यांनी मोठ्या केंद्रांबाहेरचे सामने जाऊन पाहायचे आणि लेखी अहवाल पाठवायचे, असे त्याचे स्वरूप होते.

या विभागाने काय केले, त्याचे उदाहरण साऱ्या देशाला पाठ आहे. परंतु ते चुकीचे पाठ आहे. रांचीचा एक मुलगा, खरगपूरच्या फलाटावर तिकिटे तपासणारा, एके दिवशी भारताचा कर्णधार झाला, अशी महेंद्रसिंग धोनीची कथा परीकथेसारखी सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की, धोनी काही अरण्यात लपलेला नव्हता. १९९९-२००० च्या मोसमापासून तो बिहारकडून रणजी करंडकात खेळत होता. त्याच्या धावा दरवर्षी छापल्या जात होत्या. तो नोंदवहीत होता. नोंदवही उघडून पाहणारा कोणी नव्हता. २००३ साली जमशेदपूरच्या एका सामन्यात बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार यांनी त्याला पाहिले. पोद्दार आणि त्यांचे सहकारी राजू मुखर्जी हे गुणशोध विभागाच्या कामावर होते. त्यांनी अहवाल पाठवला. योजना एकोणीस वर्षांखालील मुलांसाठी होती आणि धोनी तर एकविशीत पोहोचलेला. म्हणजे नियमावर बोट ठेवले असते तर अहवाल तेथेच निकालात निघाला असता. वेंगसरकरांनी अपवाद केला. पुढल्या वर्षी धोनी भारत 'अ' संघातून केनियाला गेला आणि डिसेंबर २००४ मध्ये बांगलादेशाविरुद्ध भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला, ज्यात तो शून्यावर धावबाद झाला. २००७ आणि २०११ च्या विश्वचषकांची गोष्ट पुन्हा सांगण्याचे कारण नाही.

या हकीकतीत दोन माणसांचे काम वेगवेगळे आहे, ते लक्षात घेतले पाहिजे. एक जमशेदपूरला जाऊन उन्हात बसला. दुसऱ्याने टेबलाशी बसून नियम वाकवण्याची जबाबदारी घेतली. पहिल्याच्या नजरेला दुसऱ्याच्या अधिकाराची जोड नसती, तर अहवाल फायलीत राहिला असता. आणि पहिला गेलाच नसता, तर दुसऱ्याला अधिकार वापरण्यासारखे काही सुचलेच नसते. कचेरीत आयुष्य घालवलेल्या वाचकांना या जोडीचे महत्त्व मी सांगण्याची गरज नाही. चांगली टिप्पणी लिहिणारा आणि ती वाचणारा एकाच खात्यात, एकाच वेळी असणे किती दुर्मिळ आहे, हे ते जाणतात.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो राष्ट्रीय खेळ आहे, त्यात हे दोन्ही व्यवसाय शंभर वर्षांपासून स्थिरावलेले आहेत. तेथे मुले हेरणारा माणूस पगारी असतो. गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांचे सामने पाहणे हीच त्याची नोकरी. या व्यवस्थेचा मोठा शिल्पकार ब्रँच रिकी. हा १८८१ साली जन्मलेला गृहस्थ खेळाडू म्हणून सामान्य होता. पुढे कायद्याची पदवी घेतली आणि संघांचा कारभारी झाला. सेंट लुइसचा संघ श्रीमंत नव्हता, तयार खेळाडू विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती. तेव्हा रिकीने लहान गावांतले दुय्यम संघ आपल्या संघाशी जोडून घेतले आणि कच्ची मुले तेथे वाढवून वर आणण्याची पद्धत बसवली. १९४५ साली, ब्रुकलिनच्या संघात असताना, त्याने क्लाइड सुकफर्थ नावाच्या आपल्या माणसाला एका कृष्णवर्णीय खेळाडूला पाहायला पाठवले. तो जॅकी रॉबिन्सन. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मुख्य संघातून मैदानात उतरला आणि त्या खेळातील वर्णभेदाची अनेक दशकांची भिंत पडली. रिकीचा हेतू केवळ पुण्याचा नव्हता. इतर संघमालक ज्या गुणी खेळाडूंकडे पूर्वग्रहामुळे पाहतच नव्हते, ते त्याला स्वस्तात मिळणार होते, हा हिशेबही त्यामागे होता. मला त्यात गैर वाटत नाही. पूर्वग्रहाची किंमत कोणी तरी मोजून दाखवली, तर तो लवकर सुटतो. रिकीचे नाव ग्रंथांतून राहिले. सुकफर्थचे नाव जाणकारांपुरते. आपल्याकडे पोद्दारांचे तसेच झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. निवड करणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. अपात्राला घेणे ही एक आणि पात्राला वगळणे ही दुसरी. पहिली चूक सर्वांना दिसते. घेतलेला खेळाडू शून्यावर बाद होतो, वृत्तपत्रे लिहितात, पत्रे येतात, निवड करणाऱ्याला जाब द्यावा लागतो. दुसरी चूक कधीच दिसत नाही. जो निवडला गेला नाही, त्याने काय केले असते याची नोंद कोठेही होत नाही. तो शेतीवर जातो, किराणा दुकानात बसतो, पोलीस भरतीची तयारी करतो. त्याच्यावर अन्याय झाला, हे त्यालाही ठाऊक नसते. ज्या नुकसानीचा फिर्यादी नाही, ती टाळण्यासाठी कोणतीही संस्था आपणहून पैसा खर्च करत नाही. आणि काटकसरीची वेळ आली म्हणजे पहिली कात्री अशाच खर्चाला लागते.

गुणशोध विभागाचे पुढे काय झाले, ते या दृष्टीने पाहावे. मंडळातील सत्ता बदलली आणि काही वर्षांतच तो विभाग बंद पडला. धोनी विश्वचषक उंचावत होता, त्या काळात त्याला शोधणारी यंत्रणा अस्तित्वात नव्हती. याविरुद्ध मोर्चा निघाला नाही, संसदेत प्रश्न आला नाही. येण्याचे कारणही नव्हते. ज्यांचे नुकसान झाले त्यांची नावेच कोणाला माहीत नव्हती.

वेंगसरकर मात्र २००६ साली निवडसमितीचे अध्यक्ष झाले. त्या दोन वर्षांत धोनीकडे कर्णधारपद आले आणि विराट कोहली पहिल्यांदा भारताकडून खेळला. कोहलीला आपण ऑस्ट्रेलियात नवोदितांच्या स्पर्धेत स्वतः पाहिले होते, असे वेंगसरकरांनी सांगितले आहे. ऑगस्ट २००८ मध्ये श्रीलंकेतील डंबुला येथे कोहलीचे पदार्पण झाले आणि त्यानंतर थोड्याच अवधीत वेंगसरकरांचे अध्यक्षपद संपले. या दोन घटनांचा परस्परसंबंध काय, यावर त्यांनी बरेच काही बोलून दाखवले आहे आणि त्यावर वादही झाले आहेत. त्यात मी पडत नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी, कमी बोलली गेलेली गोष्ट. वेंगसरकर अध्यक्ष होते तोपर्यंत राष्ट्रीय निवडसमितीचे काम मानद होते. कोट्यवधींची उलाढाल करणारे मंडळ आपल्या संघाची निवड बिनपगारी माणसांकडून करून घेत होते. २००७ साली निवडसमितीच्या सदस्यांनी वृत्तपत्रांत स्तंभ लिहू नयेत, असे बंधन मंडळाने घातले. वेंगसरकरांचा स्तंभ चालू होता. खटका उडाला आणि प्रकरण राजीनाम्याच्या भाषेपर्यंत गेले. निवड करणाऱ्याने वृत्तपत्रात मतप्रदर्शन करू नये, हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. पण ज्याला आपण वेतन देत नाही, त्याच्या इतर उपजीविकेवर बंधन घालण्याचा नैतिक अधिकार आपल्याला कितपत उरतो? त्यानंतरच्या, म्हणजे २००८ च्या समितीपासून निवडसमितीला वेतन सुरू झाले. उशिरा का होईना, ते झाले. परंतु समिती म्हणजे शिखर. पायथ्याशी जो मुले पाहत फिरतो, त्याचे काम आजही बहुधा हौसेवर आणि ओळखीवर चालते. मानद कामाला आपल्याकडे फार मान आहे. माझ्या मते त्या मानाने बरेच नुकसान केले आहे. मानद माणसाला जाब विचारता येत नाही, त्याच्याकडून अहवाल मागता येत नाही, आणि तो कोणाच्या तरी पुतण्याची शिफारस करून गेला तरी भिडेस्तव आपण गप्प बसतो.

'आता फ्रँचायझी आल्या आहेत, त्या शोधतात,' असे यावर उत्तर मिळेल. ते खोटे नाही. २००८ पासून आयपीएलच्या संघांनी शोधकार्यावर पैसा ओतला. मुंबई इंडियन्सचे जॉन राइट यांनी २०१३ साली अहमदाबादेत जसप्रीत बुमराहला पाहिले आणि त्याच मोसमात तो मुंबईकडून खेळला. खाजगी भांडवलाने हे काम सार्वजनिक संस्थेपेक्षा अधिक तत्परतेने केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण खाजगी भांडवल जे आपल्या मालकीचे करता येते, त्याच्याच शोधावर खर्च करते. त्याला चार षटके टाकणारा गोलंदाज हवा असतो आणि तो येत्या दोन-तीन मोसमांत हवा असतो. तेरा वर्षांच्या मुलावर त्याने खर्च केला आणि लिलावात तो मुलगा दुसऱ्याच संघाने नेला, तर तो खर्च पाण्यात. ज्याचा लाभ सर्वांना मिळतो आणि ज्याची मालकी कोणालाच सांगता येत नाही, अशा कामाला आम्ही सार्वजनिक हिताची वस्तू म्हणतो आणि ते सार्वजनिक पैशाने करावे लागते, असे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. लहान गावातल्या लहान मुलाचा शोध हे त्याचे चोख उदाहरण आहे.

दुसरे उत्तर आकडेवारीचे. २००२ सालीच, म्हणजे आपला गुणशोध विभाग निघाला त्याच वर्षी, अमेरिकेत ओकलंडच्या बेसबॉल संघाचा कारभारी बिली बीन याने जुन्या पारखी माणसांच्या नजरेपेक्षा संख्याशास्त्रावर भरवसा ठेवून तुटपुंज्या पैशात बलाढ्य संघ उभा केला. पुढे त्यावर पुस्तक आणि चित्रपटही आला. नजर फसते, आकडे फसत नाहीत, असा त्यातून निष्कर्ष काढला गेला. अर्थशास्त्राच्या माणसाला आकडे प्रियच असतात. पण आकडे कोणाचे? ज्याचा सामना कोणी तरी लिहून ठेवला त्याचे. नोंद होण्यासाठी आधी सामन्यात जागा मिळावी लागते. टेनिसच्या चेंडूने गावच्या आखरावर खेळणाऱ्या मुलाच्या नावावर शून्य धावा आणि शून्य बळी असतात, आणि ते शून्य त्याच्या गुणाचे नसते.

या विधानाला पुरावा शोधण्यासाठी आपल्याला लांब जायला नको. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या परिसरातील वलनी ही कोळसा खाणीची वसाहत. तेथील एका खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव. टेनिसच्या चेंडूने खेळत होता, सैन्यात आणि पोलिसांत भरती होण्यासाठी धडपडत होता. दोन्हीकडे जमले नाही. चामड्याचा चेंडू त्याने गंभीरपणे हातात घेतला तो विशीच्या उंबरठ्यावर. विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्याचा वेग पाहिला आणि त्याला हात दिला. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी सामना खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना. विदर्भाकडून खेळणारा तो पहिला कसोटीपटू. विदर्भ रणजी स्पर्धेत १९५७-५८ पासून आहे. म्हणजे हा पहिला कसोटीपटू मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. त्या अर्धशतकात आपल्या अकरा जिल्ह्यांत जलद चेंडू टाकणारा दुसरा मुलगा जन्मलाच नाही, यावर कोणाचा विश्वास बसतो? पोलीस भरतीत उमेश उत्तीर्ण झाला असता, तर आज तो हवालदार असता. ती नोकरीही प्रतिष्ठेचीच. परंतु मग आपणही हाच लेख 'विदर्भात जलद गोलंदाज होत नाहीत' असे गृहीत धरून वाचला असता.

शोध आणि शिक्षण दोन्ही नीट झाले म्हणजे काय होते, तेही विदर्भानेच दाखवले. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली आणि फैझ फझलच्या नेतृत्वाखाली, वसीम जाफरसारख्या अनुभवी मुंबईकराला बरोबर घेऊन, १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीचा पराभव करून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. इंदूरला, नायडूंच्या इंदूरला! पुढच्याच मोसमात सौराष्ट्राला हरवून तो राखला. २ मार्च २०२५ रोजी जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा मिळवला. त्या मोसमात हर्ष दुबे याने ६९ बळी घेतले, जो एका रणजी मोसमातील विक्रम ठरला, आणि अंतिम सामन्यात दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. ही दोन्ही मुले येथलीच. पहिल्या करंडकाच्या वेळी अनुभव बाहेरून आणावा लागला होता. तिसऱ्या वेळीही करुण नायर बाहेरचाच, पण भार वाहणारे खांदे बरेचसे घरचे होते. विदर्भ क्रिकेट असोसिएशनला याचे श्रेय दिले पाहिजे.

पण यावर समाधान मानण्यापूर्वी चाचणी आणि शोध यांतला फरक पाहिला पाहिजे. आपल्याकडे सर्वत्र निवड चाचण्या होतात. चाचणीत मुलगा आपल्याकडे येतो. शोधात आपण मुलाकडे जातो. पहिल्यात खर्च मुलाच्या बापाचा, दुसऱ्यात संस्थेचा. एवढ्या एका फरकाने अर्धी मुले गळतात, आणि ती कोणती अर्धी, हे सांगायला नको.

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी चामोर्शीकडचा एक विद्यार्थी होता. डावखुरा, उंच, अर्थशास्त्रात बेताचा. महाविद्यालयाच्या संघातून जलद गोलंदाजी करी. एका निवड चाचणीची जाहिरात वाचून त्याने माझ्याकडे अर्ज तपासायला आणला, म्हणून मला हे माहीत. सुट्टीत तो गावी गेलेला होता. तेथून सुमारे दोनशे किलोमीटर रात्रभर एस.टी.ने येऊन तो सकाळी सातला मैदानावर रांगेत उभा राहिला. दुपारी दोनला त्याचा क्रम लागला. दहा चेंडू टाकायला मिळाले. टेबलामागच्या गृहस्थांनी पाचव्या की सहाव्या चेंडूनंतर चहा घेतला, असे तो मला हसत सांगत होता. निकाल लागला, त्यात त्याचे नाव नव्हते. पुन्हा तो कोणत्याही चाचणीला गेला नाही. आता तो वनरक्षक आहे, आणि माझ्या ओळखीच्या अनेक पदवीधरांपेक्षा सुखी आहे.

तो मोठा गोलंदाज होता, असे मी म्हणत नाही. कदाचित त्याचा निकाल बरोबरच लागला असेल. रात्रभर जागलेल्या मुलाच्या दहा चेंडूंवरून काय कळते, हे जाणकारांनी सांगावे. मला एवढेच दिसते की तो कसा होता, हे आता कोणालाच कधी कळणार नाही, आणि त्या दिवशी त्याला वगळणाऱ्यालाही आपण काय वगळले याची आठवण असण्याचे कारण नाही. कागदावर काही लिहिलेलेच नव्हते.

म्हणून मागणी करायची ती मोठ्या अकादमीची किंवा नव्या इमारतीची नव्हे. राज्य संघटनांनी प्रत्येक जिल्ह्यामागे एक पगारी शोधाधिकारी नेमावा. तो निवृत्त खेळाडू असावा, शक्यतो त्या जिल्ह्यातला नसावा. त्याने वर्षातील अमुक इतके दिवस तालुक्यांच्या स्पर्धा, आश्रमशाळांची मैदाने आणि टेनिस चेंडूंचे उन्हाळी सामने पाहावेत, मुलींचेही पाहावेत, आणि पाहिलेल्या प्रत्येक मुलाविषयी चार ओळी लिहाव्यात. घेतलेल्याविषयी आणि न घेतलेल्याविषयीही. हे अहवाल नष्ट करू नयेत. दहा वर्षांनी ते उघडून कोणाची नजर खरी ठरली आणि कोणाची फसली, याची तपासणी व्हावी. वशिल्याचा संशय येतो तो नोंद नसते म्हणून. याला किती खर्च येईल, याचा मी ढोबळ अंदाज करून पाहिला. अकरा माणसांचा, आमच्या व्यवसायात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला मिळते त्यापेक्षा बरा पगार आणि प्रवासभत्ता धरला, तरी ही रक्कम आयपीएलच्या लिलावात एखाद्या मधल्या फळीच्या खेळाडूवर लागणाऱ्या बोलीपेक्षा कमीच भरते.

यावर एक आक्षेप माझ्या सहकाऱ्याने घेतला, तो येथे नोंदवतो. तो म्हणाला, 'सर, क्रिकेटच्या मुलांसाठी एवढा आटापिटा. दहावीनंतर शाळा सोडणाऱ्या हुशार मुलांना कोण शोधतो?' आक्षेप रास्त आहे. तालुक्याच्या शाळेत गणितात चमक दाखवणारी मुलगी आठवीनंतर हजेरीपटावरून नाहीशी होते, तेव्हा तिच्याविषयीही कोणी चार ओळी लिहून ठेवलेल्या नसतात. फरक इतकाच की क्रिकेटच्या मंडळाकडे पैसा आहे आणि २००२ मध्ये एकदा त्याने हे करून पाहिले आहे. त्या प्रयोगातले अहवाल आज कोठे आहेत, कोणी सांगू शकेल काय? पोद्दारांनी जमशेदपूरहून पाठवलेल्या त्या एका अहवालाची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या शेजारच्या पानांवर आणखी कोणाकोणाची नावे होती, ती मला वाचायला आवडली असती.